डॅमच्या काठावर एक दिवस: आधी पाणी बघा, मग जागा ठरवा

"हिडकलला गेलो, पण पाण्यापर्यंत जायला वाटच नव्हती." "मुलं गुडघ्यापर्यंत गाळात रुतली." "राकसकोपला गेलो, तर तिथल्या माणसाने परत पाठवलं." "रीलमध्ये नुसती वाळू दिसत होती, गेल्यावर बघतो तर बाभळीचे काटे." बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या सहलींच्या या तक्रारी मी कित्येक वर्षं ऐकतो आहे. जागा वेगळी असली तरी चूक एकच असते. लोक आधी जागा ठरवतात, मग रविवार, मग डबा. पाण्याचं काय ते तिथं गेल्यावर बघू म्हणतात.

हा क्रम उलटा आहे. आधी महिना, मग पाण्याची पातळी, मग सोबत कोण कोण येणार आणि त्यानंतर जागा, असा क्रम धरायला हवा. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. मधला एकही गाळू नका.

एक गोष्ट आधी समजून घ्या. आपल्याकडे ज्याला हौसेने बीच म्हणतात, तो धरणाच्या फुगवट्यातला, म्हणजे भिंतीमागे साचलेल्या पाण्याचा, उघडा पडलेला काठ असतो. समुद्राला रोज भरती-ओहोटी येते आणि किनारा बहुतेक जागच्या जागी राहतो. डॅम पावसाळ्यात एकदा भरतो आणि पुढचे सात-आठ महिने ओसरत जातो. जानेवारीत ज्या खडकावर बसून तुम्ही डबा खाल्लात, त्या खडकापासून एप्रिलमध्ये पाणी खूप लांब गेलेलं असतं आणि ऑगस्टमध्ये तोच खडक पाण्याखाली असतो. म्हणून कुणी सांगितलेली जागा कुठल्या महिन्यातली, हे विचारल्याशिवाय ती माहिती उपयोगाची नाही.

टप्पा १: महिना आणि पातळी

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यालाच लोक सगळ्यात कमी वेळ देतात.

जून ते सप्टेंबर: काठावर जायचं नाही. लांबून बघायचं आणि परत यायचं. घटप्रभा चंदगडच्या डोंगरातून येते, हिरण्यकेशी आंबोलीतून, मलप्रभा कणकुंबीतून. तिकडे रात्रभर कोसळलं की तुमच्याकडे लख्ख ऊन असतानाही पाणी वाढतं. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या फुगवट्याला गेलो होतो. पाऊस नव्हता, आभाळ मोकळं होतं. सकाळी अकराला पाण्याच्या रेघेवर मी एक काठी खोवली. दीड वाजता ती काठी पाण्यात सात-आठ पावलं आत उभी होती. उतार इतका सपाट, की पाणी चढतंय हे बसलेल्यांपैकी कुणालाच कळलं नव्हतं. त्या दिवसापासून काठी खोवल्याशिवाय आमच्याकडे सतरंजी अंथरत नाहीत.

धरणाच्या खालच्या बाजूला तर याच दिवसांत अजिबात थांबू नका. दरवाजे उघडले की नदीचं पात्र बघता बघता भरतं. चिकोडी भागात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेवरचे ठेंगणे पूल-बंधारे दरवर्षी पाण्याखाली जातात, आणि पुष्कळदा त्या पाण्याचा पाऊस इथला नसतो, वर महाराष्ट्रातला असतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: धरणं भरलेली, पाणी निळं, हवा छान. सगळ्यात फसवा काळ हाच. पाणी गवतापर्यंत चढलेलं असतं, म्हणजे काठ असा नसतोच. जिथून पाणी सुरू होतं तिथेच टेकडीचा उतार असतो, आणि दोन पावलांत गळ्याइतकं पाणी लागतं. खाली बुडालेली झुडपं आणि कुंपणाच्या तारा असतात, त्या वेगळ्याच. २०२२ च्या नोव्हेंबरात चंदगड तालुक्यातल्या किटवाडला सहलीला गेलेल्या बेळगावच्या चार मुलींचा बुडून मृत्यू झाला. पावसाळा संपला की धोका संपला, असं जे घरोघर मानलं जातं, ते त्या दिवशी किती महागात पडलं हे विसरू नये.

डिसेंबर ते फेब्रुवारी: कुटुंबासाठी हाच काळ. पाणी हळूहळू उतरत असतं, वरचा पट्टा वाळून टणक झालेला असतो, ऊन सोसवतं आणि पक्षी असतात.

मार्च ते मे: काठ प्रचंड रुंद होतो. हिडकलच्या फुगवट्यात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं ते याच दिवसांत, पाणी पुरेसं उतरलं की. बघण्यासारखं आहे, जरूर जा. पण या काळात दोन गोष्टी अंगाशी येतात. एक गाळ, दुसरा दुपारनंतरचा वळीव. दोन्हींबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पातळी कशी कळणार? बेळगावची मराठी दैनिकं राकसकोपची पातळी फुटांत छापतात. हिडकल आणि मलप्रभेवरच्या नवीलतीर्थ धरणाचेही आकडे येतात. आकडा नुसता वाचून उपयोग नाही, पूर्ण पातळीशी ताडून बघावा लागतो. हिडकलची पूर्ण पातळी २१७५ फूट आणि साठा ५१ टीएमसी (अब्ज घनफूट). नवीलतीर्थच्या रेणुकासागराची पूर्ण पातळी २०७९.५० फूट. आजचा आकडा पूर्ण पातळीच्या दोन-चार फूट खाली असेल, तर काठ मिळणार नाही असं धरून चाला. दहा-पंधरा फूट खाली असेल तर वाळलेला पट्टा मिळेल. त्याहून बराच खाली असेल तर गाळाची तयारी ठेवून जा.

तपासा: आकडा वाढतो आहे की उतरतो आहे? तीन दिवसांचे आकडे एकाखाली एक लिहा. वाढता आकडा दिसला तर काठावरचा बेत तिथेच रद्द करा, कितीही कडक ऊन पडलेलं असो.

टप्पा २: सोबत कोण, त्यावरून जागा

आता माणसं मोजा. पाच वर्षांखालचं मूल, गुडघे दुखणारी आजी किंवा गरोदर बाई सोबत असेल तर डॅमचा हट्ट सोडा आणि बेळगाव शहरातलं उद्यान निवडा. यात कमीपणा नाही. किल्ला तलावाला फिरायला बांधलेली वाट आहे, बसायला बाक आहेत, ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ मुलांना लांबूनच दाखवता येतो. शहापूरचं शिवाजी उद्यान संध्याकाळी गजबजतं, म्हणून लहान मुलांना घेऊन तिथे सकाळी जावं. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात झाडांची गर्द सावली आहे. एप्रिलमध्ये सकाळी नऊलाही तिथे गारवा असतो. उद्यानात जाणाऱ्यांची चूक एकच, ते दुपारी जातात. सकाळी साडेसहा ते साडेनऊ ही उद्यानाची खरी वेळ.

चालती-फिरती मंडळी असतील तर पुढच्या जागांचा विचार करा.

राकसकोप: मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय बेळगावच्या नळाला पाणी देतो. इथे पोहणं, कपडे धुणं, गाडी धुणं, मांस धुणं हे आपल्याच माठात हात घालण्यासारखं आहे. लांबून बघावा, तुडयेच्या रस्त्याने फिरावं, अडवलं तर वाद न घालता परतावं. अडवणारा माणूस तुमचंच पाणी राखतो आहे.

हिडकल: फुगवटा मोठा आहे, जागा पुष्कळ. भिंत, दरवाजे आणि त्यांच्या आजूबाजूचा भाग मात्र पाटबंधारे खात्याच्या ताब्यात असतो. परवानगीशिवाय तिकडे वळू नका, ड्रोन तर मुळीच उडवू नका.

धुपदाळ: घटप्रभेवरचा बंधारा, हिवाळ्यात जायची माझी सगळ्यात आवडती जागा. घटप्रभा पक्षी अभयारण्य इथेच आहे. नोव्हेंबर ते मार्चमध्ये करकोचे आणि परदेशातून आलेले क्रौंच दिसतात. बेळगाव-मिरज मार्गावर घटप्रभा स्टेशन आहे, तिथून धुपदाळ जवळ पडतं, म्हणून गाडी नसलेल्यांनाही सोयीचं. इथे पाण्यात उतरायचा प्रश्नच येत नाही, आणि म्हणूनच मन निवांत राहतं.

नवीलतीर्थ: सौंदत्तीचं दर्शन आणि डॅम एका दिवसात उरकायचा मोह होतो. यल्लम्माच्या जत्रेच्या पौर्णिमेला तो टाळा, रस्त्यातच दिवस जातो.

कृष्णाकाठ: चिकोडी, रायबाग, अथणीकडे नदीकाठी बसायची हौस असेल तर घाटाच्या पायऱ्यांवर, वर बसा. कृष्णेत मगरी आहेत. पाण्याच्या रेघेवर कपडे धुणाऱ्या बायका रोज तिथे बसतात, पण त्यांना ती जागा पाठ आहे, आपल्याला नाही.

धबधबे या लेखाचा विषय नाही. एकच सांगतो: खानापूरकडच्या भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. तिकडे शेतातून, आडवाटेने नेणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

सावधान: कालवा म्हणजे पोहायची जागा नव्हे. काँक्रीटच्या तिरक्या बाजूंवर शेवाळ असतं, पाय ठरत नाही, धरायला काही नसतं. पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. कॅनॉल दिसला की मुलांचा हात धरा.

टप्पा ३: आदल्या संध्याकाळची तयारी

सकाळी उठून तयारी करणारे नऊला निघतात, साडेदहाला पोहोचतात आणि भर उन्हात जागा शोधत फिरतात. म्हणून सगळं रात्रीच बांधून ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर, उन्हाळ्यात चार. जलाशयाचं पाणी स्वच्छ दिसलं तरी पिऊ नका, त्याने चूळही भरू नका. साखर-मीठ-लिंबाचं पाणी एका वेगळ्या बाटलीत.

जेवण असं न्या जे गरम करावं लागत नाही आणि उन्हात नासत नाही. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सुकं पिठलं, धपाटे, कांदा, केळी. नारळ घातलेली ओली चटणी, कालची आमटी, पनीर यांना दुपारपर्यंत वास येतो. दहीभात न्यायचाच असेल तर दूध-भात विरजून न्या, म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंत बेताचा लागतो. ताटल्या स्टीलच्या. कर्नाटकात २०१६ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्या, ताटल्या, पेले, चमचे आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आहे. दंडाचं राहू द्या, काठावर टाकलेली पिशवी म्हशीच्या पोटात जाते हे आठवा.

गोव्याकडून किंवा महाराष्ट्रातून आणलेली बाटली सोबत असेल तर ती घरीच राहू द्या. परवान्याशिवाय राज्याची हद्द ओलांडून दारू नेणं गुन्हा आहे. आणि गुन्हा नसता तरी, प्यालेल्या माणसाने पाण्याजवळ जायचं नाही.

आता ती पिशवी, जी शंभरातले नव्वद लोक नेत नाहीत:

१. पंधरा मीटर जाड सुती किंवा नायलॉनची दोरी.
२. पाच लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, घट्ट झाकणाचा. दोरीचं एक टोक त्याच्या कडीला रात्रीच पक्कं बांधून ठेवा. हा कॅन बुडणाऱ्या माणसाला पाण्यावर धरून ठेवतो.
३. अंगठ्याएवढ्या जाडीची, खांद्यापर्यंत येणारी बांबूची काठी.
४. शिट्टी.
५. पट्टी, कापूस, जंतुनाशक, कात्री, चिमटा.
६. माणशी एक जादा कपड्यांचा जोड आणि पायात बंद सँडल. चप्पल गाळात राहते आणि फुटलेल्या बाटलीवर अनवाणी पाय पडतो.

तपासा: दोरी गच्चीवर नेऊन एकदा फेकून बघा. पहिल्यांदा ती निम्म्यातच पडते. कॅनमध्ये पेलाभर पाणी घातलं की तो लांब जातो. हे आज कळायला हवं, पाण्याजवळ गेल्यावर नको.

टप्पा ४: निघणं

उजाडता निघा. उन्हाळ्यात साडेपाचला, हिवाळ्यात साडेसहाला. घरी राहणाऱ्या एका माणसाला गावाचं नाव, रस्ता आणि परतायची वेळ सांगून ठेवा.

बसने जाणाऱ्या बायकांसाठी: ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही, पण इथला पत्ता असलेलं ओळखपत्र हातात हवं. चंदगड, गडहिंग्लजहून आलेल्या मावशी-काकूंना त्यांच्या आधारकार्डावर ही सवलत मिळत नाही. कंडक्टरशी वाद घालण्यापेक्षा तिकिटाचे पैसे आधीच काढून ठेवा. उतरतानाच त्याला शेवटच्या परतीच्या बसची वेळ विचारा आणि तिच्या आधीच्या बसने यायचं ठरवा.

गाडीने जाणाऱ्यांनी गाडी टणक रस्त्यावरच थांबवावी. उघड्या पडलेल्या काठावर गाडी उतरवण्याची हौस दोन कारणांनी वाईट. एक म्हणजे चाकं गाळात बसतात, ट्रॅक्टर बोलवावा लागतो. दुसरं जास्त लागणारं कारण असं, की पाणी उतरलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात. तुम्हाला हिरवळ वाटते ते कुणाचं तरी हरभऱ्याचं किंवा भाजीचं रान असतं. ज्यांची मूळ जमीन धरणात गेली, त्यांच्यापैकी कुणाचं तरी तेच रान असू शकतं.

टप्पा ५: पहिली पंधरा मिनिटं

पोहोचल्याबरोबर मुलं पाण्याकडे धावतात. त्यांना गाडीपाशीच थांबवा, लाडू द्या, गाणं लावा, काहीही करा. दोन मोठ्या माणसांनी आधी पुढे जाऊन एवढं करायचं:

१. तिथल्या माणसाला विचारा. गुराखी, मासे धरणारा, रानात काम करणारी बाई, कुणीही. हुक्केरी, गोकाक भागात कन्नडमध्ये विचारावं: "अण्णा, इल्ली नीर आळ ऐतेनु?" म्हणजे इथे पाणी खोल आहे का. "भाळ ऐती" आलं तर खूप खोल आहे. "इळिब्याड्री" आलं तर उतरू नका. तेवढ्यावर निर्णय घ्या, पुढे जाऊन खात्री करत बसू नका.

२. पाट्या वाचा. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना कन्नड पाटी वाचता येत नाही, म्हणून हे शब्द कुणाकडून तरी वाचून घ्या आणि ओळखायला शिका: "अपाय" म्हणजे धोका, "आळवाद नीरु" म्हणजे खोल पाणी, "ईजबारदु" म्हणजे पोहू नये.

३. काठीने गाळ तपासा. पाणी मागे गेलं की वरचा थर उन्हाने तडकतो, भेगा पडतात, टणक दिसतो. खाली मात्र लोण्यासारखा चिखल असतो, आणि पाण्याच्या रेघेजवळच्या पंधरा-वीस फुटांत तो सगळ्यात जास्त. काठी एका दाबात वीतभर आत गेली तर जपून चाला. हातभर गेली तर मागे फिरा.

४. खड्डे शोधा. वीटभट्ट्यांसाठी आणि रानात टाकायला उन्हाळ्यात गाळ-माती उचलतात, मुरूम काढतात. पुढच्या वर्षी पाणी चढलं की ते खड्डे दिसत नाहीत. बुडालेल्या गावांच्या विहिरी तशाच. पाण्यात उतरणारी सरळ उभी कड, अचानक गडद दिसणारा पाण्याचा तुकडा, ट्रॅक्टरच्या चाकांच्या थेट पाण्यात गेलेल्या खुणा, यांतलं काहीही दिसलं तर ती जागा सोडा.

५. पाण्याच्या रेघेवर काठी खोवा आणि वेळ लिहून ठेवा. बसायची जागा त्या रेघेपासून किमान तीस पावलं वर.

६. वर बघा. झाडावर, कड्यावर, पुलाखाली आग्या मोहोळ आहे का? असेल तर तिथून लांब जा. धूर, अत्तर, मोठा आवाज यांनी ते उठतं.

सावधान: कुणी गाळात रुतलं तर हाताला धरून सरळ वर ओढू नका. रुतलेल्याने मागे रेलायचं, जमल्यास पाठीवर पडायचं, म्हणजे वजन पसरतं. मग एक-एक पाय हळूहळू हलवत सोडवायचा. काठी आणि सतरंजी आडवी टाकून आधार द्या. घाबरून पाय झाडले की माणूस आणखी रुततो.

टप्पा ६: पाणी

माझं मत स्पष्ट आहे: धरणात पोहू नये. पोहायचं असेल तर तलाव आहेत, शिकवणारे आहेत. धरणात तळ दिसत नाही, उतार कळत नाही, वर कोमट आणि कमरेखाली एकदम थंड पाणी लागतं, त्याने दम लागतो. विहिरीत पोहायला शिकलेले आपल्याकडचे तरुण इथेच फसतात. विहिरीत चार हात मारले की कड हाताला लागते. धरणात ती लागत नाही.

पाय भिजवायचे असतील तर असं करा. तपासलेल्या जागेतच दहा पावलांचा पट्टा ठरवा, दोन्ही टोकांना दगड रचा. मोठ्यांनी आधी काठी टेकत त्या पट्ट्यात चालून यायचं. मुलांसाठी मर्यादा त्यांच्या गुडघ्याची, तुमच्या नव्हे. फुगवलेलं टायर, गादी, चेंडू पाण्यात न्यायचे नाहीत. वाऱ्याने ते आत जातात आणि मूल त्यांच्यामागे जातं.

मग पहारा. बहुतेक घरांत इथेच चुकतं. दहा मोठी माणसं काठावर असतात, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतो आहे. म्हणून नाव घेऊन सांगा: "आता वीस मिनिटं मामा बघतील, नंतर सुनीताकाकू." ज्याची पाळी त्याच्या गळ्यात शिट्टी. त्याने फोन दुसऱ्याकडे द्यायचा, पत्ते खेळायचे नाहीत, बसायचं नाही, उभं राहायचं. बुडणारं माणूस ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला वर-खाली होतं, मान मागे जाते आणि अर्ध्या मिनिटात सगळं शांत होतं. पाण्यात खेळणाऱ्या मुलाचा आवाज थांबला, तर तीच धोक्याची खूण समजा.

कुणी बुडताना दिसलं तर हाच क्रम:

१. शिट्टी वाजवा, बाकीच्यांना बाहेर काढा.
२. काठी पुढे करा. स्वतः आडवे पडून, म्हणजे तुम्हाला कुणी ओढून नेणार नाही.
३. काठी पोहोचत नसेल तर कॅन बांधलेली दोरी त्याच्या पलीकडे फेका आणि ओढून त्याच्या हाताशी आणा.
४. दुसऱ्याने त्याच वेळी ११२ लावा, रुग्णवाहिकेसाठी १०८. राज्य, तालुका, गाव या क्रमाने सांगा. हद्दीवर असताना राज्य आधी सांगितलं नाही तर पुढचा सगळा पत्ता पुन्हा सांगावा लागतो.
५. उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा, त्याच्यामागे तिसरा, अशीच एका घरातली दोन-तीन माणसं जातात. दोरी नसेल तर साड्या, ओढण्या एकमेकींना बांधा, पण उडी नको.

बाहेर काढल्यावर माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबू नका, उलटं टांगू नका, गोल फिरवू नका. जुन्या माणसांनी सांगितलेले हे उपाय वेळ घालवतात आणि पोटातलं पाणी फुफ्फुसात ढकलतात. पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळहाताने तीस वेळा दाबा, मोठ्या माणसात पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्यायचंच. श्वासाचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

तपासा: अकरा, बारा, एक. दर तासाला काठीकडे जा. पाणी काठी ओलांडून पुढे आलं असेल तर सामान आवरा.

टप्पा ७: जेवण, चूल, वळीव

जेवण बाराच्या आत, सावलीत. चूल पेटवू नका. मार्चनंतर गवत असं वाळलेलं असतं, की एक ठिणगी पुरते, आणि धुराने मोहोळ उठतं ते वेगळंच. चहा थर्मासमधून.

मार्च ते मेमध्ये दुपारी दोननंतर पश्चिमेकडे सतत लक्ष ठेवा. ढग काळे होऊन वर चढायला लागले, वारा थांबून एकदम गार झुळूक आली की वळीव जवळ आहे. मोकळ्या काठावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. पहिला गडगडाट ऐकला की पाण्यातून बाहेर या, काठावरून वर या आणि गाडीत काचा वर करून बसा. गाडी नसेल तर पक्क्या घरात, देवळात. एकट्या बाभळीखाली किंवा आंब्याखाली अजिबात नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. मला विचाराल तर उन्हाळ्यात एकलाच परतीला लागावं.

टप्पा ८: परतणं

आधी माणसं मोजा, मग सामान. पट्ट्याच्या टोकांना रचलेले दगड मोडा. नाहीतर तिथे बसायला सुरक्षित आहे असं वाटून पुढचा माणूस दुसऱ्या महिन्यात त्याच जागी उतरेल. कचरा आणलेल्या पिशवीतच परत, खरकटंसुद्धा. काठावर टाकलेल्या भातावर कुत्री जमतात आणि तीच कुत्री पुढे जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटव्यांची अंडी खातात.

घरी आल्यावर मुलांच्या घोट्यांमागे, काखेत, कानामागे गोचीड बघा. असेल तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, तेल किंवा काडी लावू नका. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर कुठे गेलो होतो ते डॉक्टरांना सांगा.

दोरी वाळत घाला. कॅन धुऊन, झाकण लावून, दोरीसकट परत त्याच पिशवीत ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेत तीन गोष्टी लिहा: पेपरातला पातळीचा आकडा, काठ कसा होता, आणि काठी किती पावलं हलली. जुनं कॅलेंडर रद्दीत देऊ नका. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, तोच आकडा पेपरात दिसला, की जायचं कुठे ते त्यातच लिहिलेलं असेल.